सरांचा ठिपका

हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्या भरभरून जायला लागल्या, त्या वर्षांत मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जंतांवर पीएच.डी. करत होते. माझ्या वर्गातल्या मुली संगणकाचे कोर्स करून अमेरिकेला पोचल्या, आणि मी लोकांकडे संडासाचे नमुने मागत फिरत होते. कसलं मेलं नशीब!

विषय असा: पोटात जंत असले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. पुढ्यात रोगजंतू टाकले तरी धावून जात नाहीत. जंतच त्यांना शांत करून ठेवतात, म्हणजे त्यांचं बिऱ्हाड सुखानं चालतं. तुलनेला निरोगी रक्त लागायचं, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे ते प्रयोगशाळेतलेच लोक द्यायचे. पहिला हात सरांचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा. "घ्या. शनिवार पेठेतलं रक्त आहे, उकळलेल्या पाण्यावर वाढलेलं." आता सरांकडेच संडासाचा नमुना मागायची कुणाची छाती होती?

आलेखावर माणसागणिक एक ठिपका, निरोगींचा पोकळ, जंतवाल्यांचा भरीव. पेशी जितक्या चपळ, तितका ठिपका वर; म्हणून निरोगी सगळे वर, जंतवाले खाली. सरांचा ठिपका मात्र थेट खाली, जंतवाल्यांच्या मांडीला मांडी लावून. तीनदा रक्त घेतलं, तीनदा तेच. प्रबंध द्यायला महिना उरलेला, घरून आईचा रोज फोन, "कधी संपतंय गं तुझं?" मी निमूटपणे तो ठिपका पुसून टाकला. आलेख कसा देखणा दिसायला लागला.

प्रबंधावर सही घ्यायला गेले, तर सर चक्क हसत होते. थकवा जाईना म्हणून बायकोनं त्यांची तपासणी करवली होती, आणि तळपायातून शिरणाऱ्या जंतांची अंडी निघाली होती. खडकवासल्याच्या पुढे त्यांनी फार्महाऊससाठी जमीन घेतली होती. प्रकृतीला चांगलं म्हणून दर रविवारी तिथं अनवाणी फिरायचे.

"शेजारचा शेतकरी सांगायचा, 'सायेब, लोक हितंच परसाकडं बसत्यात, पायात कायतरी घाला.' मीच त्याला आरोग्यावर व्याख्यान दिलं," सर म्हणाले. "म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच की हो! दाखवा बघू, कुठे आहे मी?"

त्यांनी चष्मा पुसला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. आधी वर, मग खाली. मग पुन्हा वर.

"अहो, आपल्यातल्या बारा जणांचं रक्त घेतलं होतं ना?"

"हो सर."

"इथे पोकळ ठिपके अकराच आहेत."

सरांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं आणि प्रबंध माझ्याकडे सरकवला.