माझा ढावलो

मी स्वयंपाकघरात शिरले की आमच्या घरात मराठी सुरू होते. दाराबाहेर असते तोवर ऐकू येतं, सासूबाई आणि धाकटी जाऊ बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलताहेत, खिदळताहेत. मी उंबऱ्यात पाय ठेवला की लगेच, "या ताई, बसा. भाजी कायची करू?" सगळा तांडा असाच. बंजाऱ्यांबाहेरचं माणूस, म्हणजे 'कोर', समोर आलं की त्याच्या भाषेत बोलायचं, ही इथली रीत. पाहुण्याला बरी आहे हो. पण मी काय पाहुणी आहे? आठ वर्षं झाली या घरात. आग लागो त्या रीतीला.

आणि ती जाऊ! माझ्यानंतर तीन वर्षांनी आली. मुकुटबनकडच्या तांड्यातली, दहावी नापास. आल्या दिवशी सासूबाईंना 'याडी' म्हणाली, म्हणजे आई, आणि झाली घरची. मी एम.ए., बी.एड., आर्णीच्या शाळेत मराठी शिकवते, तर मी अजून 'आमची मास्तरीण सून'. सुरुवातीला बोलून पाहिलं मी गोरबोली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढणारी बाई मी, स्वतःच्या चुकांवर हसू देईन होय? तोंड मिटून घेतलं ते घेतलंच.

सासूबाईंना सही येत नाही. पण आदिलाबाद, निजामाबाद, खाली कर्नाटकापर्यंत एकट्या फिरून येतात. कुठल्याही बसस्टँडवर कोणी बाई गोरबोलीत बोलताना दिसली की गोत विचारायचं, नातं जुळवायचं आणि तिच्या घरी जेवून पुढची गाडी धरायची. आणि मी? नणंदेच्या लग्नाचे कपडे घ्यायला आम्ही आदिलाबादला गेलो, तेव्हा जाऊ गल्ल्यावरच्या बाईशी गोरबोलीत, दुकानदाराशी मोडक्यातोडक्या तेलुगूत, आणि मी पिशव्या धरून उभी. वर मलाच म्हणते, "ताई, तुमाले कोणता रंग पायजे ते मले सांगा, मी सांगतो त्याले." अंगाचा नुसता तिळपापड झाला. रंग सांगितलाच नाही मी. तिनं घेतला तो नेसले.

पण खरं दुखणं नणंदेचं होतं. शाळेत होती तेव्हापासून माझ्याजवळ वाढलेली पोरगी. तिचा अभ्यास मी घेतला, कॉलेजसाठी घरात मी भांडले. आणि तांड्यात नवरी निघते तेव्हा एकेका जवळच्या बाईच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडत रडत, सुरात, त्या बाईनं आपल्यासाठी काय काय केलं ते सांगते. ती बाईही तिला तसंच रडून उत्तर देते. आदल्या वर्षी चुलत नणंद निघाली, ती जावेच्या गळ्यात पडून किती वेळ रडली. माझ्यासमोर आली, डोळे पुसले, वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते वहिनी." झालं. जसं काही मी तिची परीक्षा घ्यायला आले होते. या नणंदेनंही मला तसंच 'येते वहिनी' म्हटलं असतं तर मी तिथंच मेले असते.

म्हणून तिला उत्तर देता यावं इतका ढावलो शिकायचं मी ठरवलं. जावेला न सांगता. शेजारच्या घरी एक म्हातारी आहे, तांड्यातल्या पोरी तिच्याकडेच शिकतात. तिच्यापुढं मोबाईल धरला, "आजी, मले ढावलो शिकवा." ती खूश झाली, तिनं सगळा म्हटला. मग महिनाभर तांडा ते आर्णी स्कुटीवर, तोंडाला स्कार्फ बांधून, मी तो घोकला. अर्थ कुठं कळत होता कुठं नाही, पण चाल अशी बसली की आता दाखवतेच एकेकीला, असं झालं.

नणंद निघाली. आधी जावेच्या गळ्यात पडली, बराच वेळ. मग माझ्याकडे वळली. ती वाकायच्या आत मी तिला मिठी मारली आणि सूर लावला. एक ओळ, दोन ओळी, तिसरी. मागून कोणीतरी फिसकन हसलं. जावेनं माझा दंड ओढला, "अवो ताई, हे नवरीनं म्हणायचं असते! नवरी आपल्या याडीले म्हणते हे!"

बरोबरच होतं. म्हातारीकडे शिकायला येतात त्या लग्न ठरलेल्या पोरी. तिनं मला तेच शिकवलं जे सगळ्यांना शिकवते. जावेला एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. पण जावेला विचारणार, आणि मी? जीव गेला तरी नाही.

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण आवाज काही थांबेना. माझं लग्न रजिस्टर झालेलं. माहेरचं कोणी आलं नव्हतं, आईसुद्धा नाही. कचेरीत हार घातले आणि बसनं तांड्यात आले. त्या दिवशी मी रडले नाही, नंतरही नाही. आणि आता भर मांडवात, दुसरीच्या लग्नात, मी पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणत होते, आई, मला असं कसं काढून दिलंस.

सासूबाई गर्दीतून पुढं आल्या. पोटच्या पोरीला, नवरीला, त्यांनी हातानं बाजूला सारलं आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मग सुरात उत्तर द्यायला लागल्या, आई लेकीला देते तसं. एक शब्द मराठीत नाही. मला 'बेटी' आणि 'घर' एवढंच कळलं. त्या थांबल्या तेव्हा माझं ब्लाऊज खांद्यावर ओलं झालं होतं. नणंद आम्हा दोघींना बिलगून रडली. येते वहिनी कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊ भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ बसले आणि आठ वर्षांचा ताठा गिळून विचारलं, "काल आई मला काय म्हणत होत्या गं?"

तिनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काहून सांगू? सासू सुनेसाठी असं रडत नसते, ताई. मले तर कधीच नाही रडली."

अजून तिनं सांगितलेलं नाही. सासूबाईंना विचारायची मला लाज वाटते. मी अधूनमधून जावेला मुद्दाम विचारते, ती तोंड फिरवते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटतं.