दारावरची पहिली ओळ

गाडीचं डोकं दुखतंय की पोट, हे बॉनेट उघडायच्या आधी सांगणारा माणूस म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं हातात पाना, आणि कामाची पद्धत एकच: आधी ऐकायचं, मग हात लावायचा. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं आणि दुसरं इंजिनावर फिरवायचं. जे कळेल ते गॅरेजच्या लोखंडी दारावर खडूने लिहायचं. खडूसुद्धा घरचाच, म्हणजे शेजारच्या खोलीत कपडे शिवणाऱ्या बायकोचा.

दारावरची पहिली ओळ ठरलेली असे: 'हवा'. बाहेरची हवा कुठून आत घुसतेय का, एवढाच त्याचा अर्थ. नळीतून फुसफुस ऐकू आली तर बरोबरची खूण, नाही आली तर ओळीवर काट. आणि एकदा काट मारली की ब्रह्मदेव आला तरी ती ओळ पुन्हा उघडायची नाही. हेकेखोर माणूस, पण चाळीस वर्षं हेका खरा ठरल्यावर त्याला लोक अनुभव म्हणतात.

सोमवारी नर्सबाई आपली सत्तावीस वर्षांची गाडी घेऊन आल्या. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण अंथरुणाला खिळलेल्या जुन्या पेशंटांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुणं, पट्ट्या बदलणं काही सुटलं नव्हतं.

"चालताना शहाण्यासारखी चालते हो," त्या म्हणाल्या, "पण सिग्नलला थांबली की थरथरायला लागते. काल भर चौकात बंद पडली. माझा भाचा म्हणतो, मावशी, आता भंगारात दे."

"भाच्याला म्हणावं, आधी मावशीला विचार, तिला द्यायचं का भंगारात," कानसेन म्हणाले. "बुधवारी संध्याकाळी या. घेऊनच जा."

शब्द देऊन बसले आणि तिथून फजिती सुरू झाली. नळी लावली, फुसफुस नाही. 'हवा'वर काट. मग प्लग काढून घासले, ठिणगीच्या पॉइंटमधलं अंतर बघितलं, कार्बोरेटर उघडून त्याचं भोक न् भोक साफ केलं. दार खडूने भरलं, सगळ्या ओळींवर काट पडली, आणि गाडी उभ्या जागी थरथरतच होती. ॲक्सिलरेटरवर पाय दिला की गुळगुळीत, पाय काढला की पहिले पाढे पंचावन्न.

हे नुसतं एका गाडीचं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण दोन महिन्यांत अशा दोन गाड्या त्यांच्या हातून न सुटता दुसऱ्या गॅरेजात गेल्या होत्या. ही तिसरी. मंगळवारी दार लावताना त्यांनी मनाशी ठरवलं: हिनेही हरवलं तर हे दार कायमचं बंद. कुणाला बोलले नाहीत.

बुधवारी दुपारी बायको खोलीतून डोकावली. "एकची गोळी घेतलीत का? आज तरी ते घड्याळ लावायचं."

"ते मुकं आहे. खणात पडलंय, पडू दे तिथेच."

घड्याळ लेकीने पाठवलेलं, गोळीच्या वेळेला वाजणारं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला फोनवर सांगून टाकलं होतं की तुला दुकानदाराने गंडवलं, हे वाजत नाही.

गोळी पाण्याबरोबर गिळून त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली. तेवढ्यात बायको आत आली. "माझा खडू कुठेय? सोमवारी नेलात तो. आणि ही सूं सूं कसली चाललीय?"

"कसली सूं सूं?"

"ही काय. शिवणाचं मशीन बंद केलं तरी येतेय. दात शिवशिवतात माझे."

"तुझे कान वाजतायत."

"माझे नाही हो वाजत! इथून येतेय." तिने वाकून इंजिनाच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं.

कानसेनांनी रबरी नळी घेतली, नेमकी तिथे धरली, दुसरं टोक कानात दाबलं. धडधड ऐकू आली. बाकी काही नाही. नळी दुसऱ्या कानाला लावली. काही नाही. मग ती बायकोच्या हातात दिली. तिने कानाला लावली आणि लगेच झटक्याने दूर केली. "बाई गं! शिट्टीच आहे ही."

कानसेन बाजूच्या टायरवर बसले. इंजिनाने त्यांना हरवलं नव्हतं. ज्या कानाच्या जिवावर नाव कमावलं त्यानेच गुपचूप दगा दिला होता, आणि त्यांनी मात्र दोन महिने गाड्यांना दोष दिला. लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त.

"अहो, बसलात काय? शिट्टी चाललीय अजून," बायको म्हणाली.

ते उठले. तर्जनी पाण्यात बुडवली आणि बायकोने दाखवलेल्या जागी हळूहळू फिरवली. इंजिनाच्याच एका रबरी नळीच्या पोटाशी ओल्या बोटाला गार वारा लागला. बोट किंचित आत ओढलं गेलं. चीर होती, नखाएवढी. त्यांनी बोट दाबून धरलं, आणि तीन दिवस थरथरणारं इंजिन एका क्षणात शांत झालं. बोट काढलं, थरथर. दाबलं, शांत. चारदा करून बघितलं त्यांनी, आणि चौथ्यांदा हसले.

नवी नळी बसवायला दहा मिनिटं लागली. मग दारावरची पहिली काट त्यांनी बाहीने पुसली आणि 'हवा'पुढे लिहिलं: 'बोटाने बघणे'. खडू बायकोला परत दिला.

संध्याकाळी त्यांनी नर्सबाईंना झालं ते सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही. गाडी समोर संथपणे चालू होती.

"बारीक आवाज आधी जातात," बाई म्हणाल्या. "त्याला उपाय असतात. उद्या दहाला तयार राहा, कानाच्या डॉक्टरांकडे मी नेते. आता वाटेत बंद पडणार नाही ना?"

"पडली तर मी आहेच की बसलेला."

बाई गेल्यावर त्यांनी खणातून घड्याळ काढलं. गजर एका मिनिटावर लावला, ते बायकोच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मिनिट झालं असावं.

"वाजतंय?"

"वाजतंय की," ती हळूच म्हणाली.

कानसेनांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि लेकीला फोन लावला.

"घड्याळ चांगलं आहे गं तुझं," ते म्हणाले. "बिघाड दुसरीकडे होता. आज सापडला."