केबलवाल्याला काय दिसतं

आमच्याकडे इंटरनेट आलं ते फणसावरून. शेजारचा केबलवाला टीव्हीच्या जोडीला इंटरनेटही द्यायला लागला होता, आणि त्याच्या छपरापासून आमच्या खिडकीपर्यंत तार आणायला मध्ये फणसाशिवाय दुसरा आधार नव्हता. ही दोन हजार नऊच्या सुमाराची गोष्ट.

मी हिशेबखात्यातला माणूस. संगणक घरात आला तेव्हाच दोन्ही मुलींना सांगून टाकलं होतं, की रोज संध्याकाळी मी हिस्ट्री बघणार. चोरून नाही, सांगून. थोरली नोकरीला लागलेली, ती हसली. धाकटी अकरावीत होती, ती पुस्तक उचलून आत गेली.

त्याच वर्षी थोरलीचं लग्न ठरत आलं होतं. स्थळ लांज्याचं, आणि ते आणलं होतं केबलवाल्याच्या आईने. या मावशींनी आमच्या भागातली बरीच लग्नं जुळवली होती. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट गावाच्या पार टोकाला, मांडवीपर्यंत पोचायला वेळ लागत नसे.

दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं, की धाकटी तासभर संगणकावर बसते, मोडेमचा दिवा सारखा लुकलुकत असतो आणि हिस्ट्रीत मात्र भौतिकशास्त्राची दोन पानं. मी बायकोला म्हटलं, "ताळा जुळत नाही."

"तुम्हाला कोरं पान दिसलं तरी संशय," ती म्हणाली. "अभ्यास करत असेल."

दुसऱ्याच दिवशी जेवताना धाकटीने विचारलं, "बाबा, आपण काय बघतो ते केबलवाल्या दादाला दिसतं?"

"माहीत नाही. विचारून सांगतो."

"नको! विचारू नका!" तिने घास ताटात टाकला आणि ती रडायला लागली.

मग थोड्या वेळाने सगळं बाहेर आलं. तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्याखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता. गणपतीपासून ती एकटीच तो रोज बघत होती आणि चारचौघांत बसताना ओढणी गुडघ्यांवर ओढून घेत होती. आमच्याकडे कोड हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. लांज्याच्या मंडळींना कळलं तर ताईचं लग्न मोडेल, एवढं तिने मनाशी धरलं होतं. मैत्रिणीने तिला संगणकावर खासगी खिडकी उघडायला शिकवलं होतं. ती बंद केली, की काय पाहिलं त्याची हिस्ट्री मागे राहत नाही. त्या खिडकीत बसून ती कोडाबद्दल वाचायची. त्या खिडकीच्या पहिल्याच पानावरची सूचना तिने नीट वाचली ती त्या दिवशी. इंटरनेट देणाऱ्याला हे दिसू शकतं, आणि मागे उभ्या असलेल्या माणसालाही दिसतं, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हणजे दादाला दिसलं असणार, आणि दादाची आई..." तिने सलवार पुन्हा खाली ओढली.

मी केबलवाल्याकडे गेलो. तो गच्चीवर तारा सोडवत बसला होता. मी डाग, मुलगी यातलं काही न काढता सरळ विचारलं, "खासगी खिडकीत बघितलेलं तुला दिसतं का रे?"

"काका, ती खिडकी तुमच्यापासून लपवते, माझ्यापासून नाही. कुठल्या घरातून कुठली साइट मागितली ते माझ्या मशीनवर येतंच. बसून बघितलं तर कळतं."

"आमचं बघितलंस?"

त्याने हातातली तार खाली ठेवली. "मध्ये तुमची लाइन मंद चालत होती, तेव्हा तपासायला बसलो. तेव्हाच कळलं."

"मावशींना?"

"लाइन माझी आहे काका, घर तुमचं."

त्याला माहीत असूनही ते मावशींपर्यंत गेलं नव्हतं आणि लग्नाची बोलणी पूर्वीसारखीच चालली होती, हे मला त्या क्षणी उमगलं. आभार मानायचेही सुचले नाहीत. ते पुढे अनेक वेळा मानले, आणि प्रत्येक वेळी त्याने विषय बदलला.

डॉक्टर म्हणाले, कोडच आहे, पण लवकर आलात ते बरं केलंत. मलम आणि गोळ्या सुरू झाल्या. थोरलीला सगळं सांगितलं तेव्हा ती धाकटीवरच चिडली. "माझ्यासाठी एवढे दिवस एकटी बसलीस? वेडी आहेस का गो?" आणि मला म्हणाली, "लांज्याला सांगून टाका. लपवून मला जायचं नाही तिथे."

म्हणून आम्ही आधी मावशींना सांगितलं. त्या आमच्याकडे न बघता मुलाकडे वळल्या. "मेल्या, तुला माहीत होतं नि मला बोलला नाहीस?"

"तुला बोललो असतो तर तारेशिवायच गावभर झालं असतं, मग मी तारा कशाला ओढल्या?" तो म्हणाला. मावशी सोडून आम्ही सगळे हसलो. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला, मीच येते लांज्याला."

आम्ही सगळेच लांज्याला गेलो. तिथे मी माझ्या सवयीने सगळं क्रमाने सांगितलं: डाग कुठे आहे, केवढा आहे, डॉक्टर काय म्हणाले. नवऱ्या मुलाची आई ऐकत होती. माझं संपल्यावर तिने मला काहीच विचारलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या धाकटीला म्हणाली, "दुखतं का गो?"

"नाही."

"मग अशी अंग चोरून का बसलीस? इकडे ये, बहिणीची साडी निवडायचीय."

धाकटी उठून तिच्याजवळ जाऊन बसली. गणपतीनंतर पहिल्यांदाच ती चारचौघांत मांडी घालून बसलेली मी पाहिली. ओढणी गुडघ्यावर ओढायला ती विसरली होती.