पालथ्या हाताची पारख

द्वारकाबायनी पहिल्या भेटीत मला नाव विचारले नाही. माझ्या धोतराचा सोगा पालथ्या हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "ओलं आहे. शिंकत बसशील कागदांवर."

साल एकोणीसशे तीसच्या आसपासचे. रत्नागिरीच्या इस्पितळात त्या जुन्या परिचारिका, मी नवा कारकून. दोरीवरचा पंचा असो की डॉक्टरसाहेबांचा कोट, पालथा हात लावल्याशिवाय त्या पुढे जात नसत. "तळव्याला ओल कळत नाय रे, राबून राबून निबर झालेला असतो तो," म्हणायच्या. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. लोक हसायचे, मी फुगायचो.

श्रावणात पावस गावाच्या बाजूच्या वाडीतून एक बाई भिजत आली. नवरा मुंबईला गिरणीत. गावातल्या बड्या घरच्या माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली होती. तिचे नाव मी तेव्हा कुणाला सांगितले नाही, आजही सांगणार नाही. काही घडलेच नाही, असे तो माणूस छातीठोकपणे सांगत होता. तिच्या बाजूने बोलणारे एकच, तिचे लुगडे. त्यावरचे डाग तपासायला ते मुंबईला सरकारी रसायनतज्ज्ञांकडे जायचे होते. पण ते सोडून नेसायला तिच्याजवळ दुसरे नव्हते. द्वारकाबायनी आपल्या ट्रंकेतले काढून दिले. "हे नेस गो बाय. तुझं जाऊ दे मुंबईला, साक्ष द्यायला."

भिजलेले लुगडे बंद खोलीत सावलीला वाळत घातले. द्वारकाबाय बजावून गेल्या, "उन्हात नाय, विस्तवाजवळ नाय. डाग मरतात." दुसऱ्या दिवशी त्या एका बाळंतिणीपाशी अडकल्या आणि टपालाची वेळ झाली. मी लुगड्याला तळवा लावला, मेणकापडात बांधले आणि लाखेच्या अशा देखण्या मोहोरा उठवल्या की स्वतःच कौतुकाने बघत बसलो.

तेवढ्यात त्या आल्या. "कोरडं झालं होतं?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हंजे ओलं, मेल्या! मुंबईला पोचेतो बुरशी धरेल. त्या बुरशीला काय विचारतील ते?"

मोहोर फोडायची तर साहेबांना सांगावे लागणार. माझी नोकरी कच्ची. मी गयावया केली, "द्वारकाबाय, राहू दे ना."

त्या ओरडल्या नाहीत. "बोललास तर ओरडा तू खाशील. गप्प बसलास तर ती खाईल. बघ बाबा."

साहेबांचा ओरडा फाटकापर्यंत ऐकू गेला. मग पंचांसमोर मोहोर फुटली, माझी चूक कागदावर चढली. द्वारकाबाय दोन दिवस त्या खोलीत येऊन-जाऊन पालथा हात लावत राहिल्या.

मुंबईचा अहवाल आला, डाग टिकले होते आणि तपासात खरे ठरले होते. कोर्टात त्या माणसाच्या वकिलाने फुटलेल्या मोहोरेवर बोट ठेवले, आत फेरफार झाला म्हणाला. मी भर कोर्टात सांगितले, "ओलं बांधलं. चूक माझी." लोक हसले. आयुष्यात पहिल्यांदाच माझे हसे कुणाच्या तरी उपयोगी पडले. त्या माणसाला शिक्षा झाली.

ती बाई द्वारकाबायनी दिलेले लुगडे परत द्यायला आली, धुऊन, घडी घालून. द्वारकाबायनी पालथा हात लावला. "कोरडं आहे. तुझ्याकडेच ठेव."

काही वर्षांनी, आषाढात, द्वारकाबाय गेल्या. घाईघाईत आणलेले पांढरे कापड आम्ही त्यांच्यावर घालणार, इतक्यात पावसकडची ती बाई भिजत आत आली. अंगावर तेच लुगडे. तिने हात पुसले, त्या कापडाला पालथा हात लावला.

"ओलं आहे," ती म्हणाली. "थांबा."

बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही सगळे थांबलो.