धाकट्याच्या हाताखाली

हान साहेब गेल्याची बातमी यून साहेबांनी आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून दिली. कारखान्याचा मुख्य माणूस खिडकीशी येत नाही, तो आम्हाला वर बोलावतो. म्हणून मी उठलो. ते म्हणाले, "हान सर काल गेले. सोलमध्ये, घरीच." मग निघून गेले. याला आता दीड महिना झाला.

खालापूरच्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या दारांच्या रबरी पट्ट्या बनतात. कंपनी कोरियन, आणि हान साहेब आधी तिचे इथले मुख्य. मी कर्जतहून जातो. हजेरी, रजा, पाळ्या हे माझं काम. बातमी आल्यावर मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी साहेबांना देवमाणूस म्हटलं. ते देवमाणूस नव्हते. तापट होते, आणि ते उठेपर्यंत कोणी घरी जायचं नाही हा त्यांचा न सांगितलेला नियम आम्ही बरीच वर्षं सोसला. तरीही त्यांच्याइतका मान मी फार थोड्यांना दिला आहे. तो का दिला, तेवढं नीट सांगायचं आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं आणि लगेच वय. मी सांगितलं. "मी मोठा," ते म्हणाले आणि निवांत बसले. पुढे त्यांनी सगळ्या कामगारांच्या जन्मतारखा मागवल्या. निम्म्यांची तारीख एक जून. साहेब कागद घेऊन खाली आले. "एका गावात एका दिवशी एवढी मुलं?" शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख ती, हे समजावताना मला घाम फुटला. हसायचं सोडून ते गंभीर झाले. म्हणाले, "मग कोण थोरला, कोण धाकटा, हे यांना कळतं कसं?" मी म्हटलं, "साहेब, ते घरात आईला माहीत असतं."

त्यांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी कन्फ्यूशियसची शिकवण पाठ करून घेतली होती. माणसाची पाच नाती : राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा आणि मित्र-मित्र. शेवटचं सोडलं तर प्रत्येकात एक वर, एक खाली. वरच्यानं सांभाळायचं, खालच्यानं मान द्यायचा. "आमच्याकडे कंपन्यासुद्धा यावरच उभ्या राहिल्या," ते सांगत. "साहेब म्हणजे बाप, आधी लागलेला तो थोरला." एकदा आमच्या घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं, तर माझी बायको वाढता वाढता म्हणाली, "यांच्या पाचांत जावा-नणंदा कुठं बसतात, विचारा की." मी विचारलं. साहेब खूप हसले. "आजोबांना हे विचारायची कुणाची छाती नव्हती."

आणि खरं दुखणं तिथंच होतं. मीटिंगमध्ये धाकटे तोंड उघडत नसत. चूक दिसली तरी गप्प. मी एकदा हे स्पष्ट बोललो. ते म्हणाले, "वरचा चुकला तर त्याला सांगायचं, हेही आजोबांनी शिकवलं होतं. आम्ही सोयीचं अर्धं घेतलं." आपण तरी दुसरं काय केलं?

कडावकडचे दोन सख्खे भाऊ आमच्याकडे एकाच लाइनवर होते, रघुनाथ आणि सुदाम. सुदाम धाकटा, आयटीआय झालेला, हात सफाईदार. त्याला लाइन लीडर करायचं ठरलं, तर तो नाही म्हणाला. "दादाला मी काम सांगू? जमायचं नाय." मुंबई ऑफिसच्या पोरांनी त्याला वेड्यात काढलं. हान साहेबांनी मात्र मला गाडीत घातलं आणि थेट त्या भावांच्या घरी नेलं. ओटीवर ते जमिनीवरच बसले. म्हातारी आई गडबडली. "रघू, अरं खुर्ची आन, पाव्हणं खाली बसलं!" साहेबांनी हातानंच नको म्हटलं आणि रघुनाथकडे वळून, माझ्या तोंडून, विचारलं, "तुझा भाऊ मला देशील का?"

रघुनाथ आईकडे बघू लागला. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघतो रं? बाप गेल्यापास्नं मोठा तूच हायस."

"न्या साहेब," रघुनाथ म्हणाला. "पन मला दुसऱ्या लाइनला टाकू नका. लोक म्हनतील, पळाला."

तो तिथेच राहिला. कँटीनमध्ये टोमणे व्हायचेच. "रघू, घरी बी त्याला साहेब म्हनतो का रं?" रघुनाथ म्हणायचा, "म्हनंन की! भाकर पयली कुनाच्या ताटात पडती ते बघाय ये, मग सांग साहेब कोन."

त्यानंतर साधारण वर्षभरानं हान साहेबांवरच ती वेळ आली. सोलहून आदेश आला : कारखान्याचे मुख्य यापुढे यून साहेब. ते हान साहेबांपेक्षा वयानं लहान आणि कंपनीतही मागून लागलेले. पूर्वी हान साहेबांनीच त्यांना हाताला धरून काम शिकवलेलं. त्यांच्याकडची रीत अशी की धाकटा वर चढला की थोरल्यानं स्वतःहून राजीनामा द्यायचा, म्हणजे धाकट्याला हुकूम देताना संकोच नको. हान साहेबांनी लगेच खोली आवरायला घेतली. निवृत्तीला दोन वर्षं होती. बायको आजारी होती, कंपनीच्या विम्यावर तिचे उपचार चालले होते, हे मला कामामुळे ठाऊक होतं. तरी राहा म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. वर मी समजूत घालून घेतली, की मोठ्या माणसाच्या निर्णयात आपण पडू नये.

रघुनाथ खोकी बांधायला आला होता. दोरी आवळता आवळता थांबला आणि म्हणाला, "साहेबांना इचारा, माझ्या ओटीवर येऊन तुमी माझा भाऊ मागितला. मी दिला, आन त्याच्या हाताखाली रायलो. लोकं हसली. मंग आता तुमी का पळताव?"

"रघुनाथ, अरे..." मी म्हटलं.

"तुमी सांगा तर खरं."

मी सांगितलं. शब्द थोडे मऊ केले, पण 'पळता' ठेवला. साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. ते खिडकीपाशी गेले. परत येऊन त्यांनी रघुनाथच्या हातातली दोरी काढून घेतली आणि स्वतःच खोकं सोडायला बसले.

ते सल्लागार म्हणून राहिले, कँटीनशेजारच्या छोट्या खोलीत. हे स्वस्तात पडलं नाही. कोरियातल्या त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी त्यांना फोन करणं सोडलं. मीटिंगमध्ये ते टेबलाच्या कडेला बसू लागले आणि, हे मला महत्त्वाचं वाटतं, चूक दिसली की यून साहेबांना सगळ्यांसमोर, शांतपणे सांगू लागले. हळूहळू सुदामसारखी पोरंही बोलायला लागली. दोन वर्षांनी निवृत्त होऊन ते सोलला परतले.

परवा यून साहेबांनी मला एक गोष्ट सांगितली. सुरुवातीला रोज सकाळी पुढच्या मोठ्या जिन्याच्या तोंडाशी हान साहेब उभे असत आणि यून साहेब आले की कमरेत वाकत. ज्यानं काम शिकवलं तो माणूस आपल्यापुढे वाकतो, हे यून साहेबांना सहन होईना. म्हणून ते कँटीनकडच्या मागच्या जिन्यानं चढू लागले. आठवडाभर सुटका झाली. मग एका सकाळी हान साहेब मागच्या जिन्याशी उभे! वाकले आणि म्हणाले, "सर, इकडून तुम्हाला लांब पडतं."

आता पुढचा जिना मोकळा आहे. यून साहेब तरी मागूनच येतात. माझ्या खिडकीतून तो मागचा जिना दिसतो. पहिल्या पायरीपाशी ते थांबतात, शर्ट नीट करतात, कमरेत पूर्ण वाकतात आणि मग वर जातात. कामावर येणारी पोरं तेवढा वेळ बाजूला उभी राहतात.