बिनकाठाची चादर

ती ऑर्डर इंग्रजीत होती आणि आमच्या गल्लीत इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते, त्यामुळे पुढं जो गोंधळ झाला त्यात माझाही वाटा आहे. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

साल एकाहत्तर. पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे येत होते. त्यांच्यासाठी पोस्टाच्या पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. लोक कुरकुरत, पण लावत. सरकारचा हाच मदतीचा पैसा फिरत फिरत सोलापुरात आला तो चादरींच्या रूपानं. निर्वासितांच्या छावण्यांना चादरी हव्या होत्या आणि आमच्या विणकर सोसायटीला त्यातला थोडा हिस्सा मिळाला. माझे वडील सोसायटीचे चेअरमन. आम्ही त्यांना नान्ना म्हणायचो. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, असं आमचं सगळं होतं.

मी कागद वाचून दाखवला. लांबी, रुंदी, वजन, रंग करडा, प्लेन, डिझाइन नको. नान्नांनी गल्लीला सांगितलं, "फुलं नकोत, मोर नकोत. उबदार झाली पाहिजे, बस." गल्लीतले सगळे हातमाग कामाला लागले. आम्ही बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून बोटं सोलून घेत होतो. मोराशिवाय चादर म्हणजे मिठाशिवाय भाकरी, अशी थट्टाही चालायची. आणि या सगळ्यात प्रत्येक चादरीच्या दोन्ही टोकांना लाल काठ विणला जात होता. कुणाच्या मनातही आलं नाही की हे कागदाबाहेरचं आहे. काठ म्हणजे काही डिझाइन नव्हे. चादर म्हटली की काठ आलाच. मी स्वतः घड्या घातल्या, तरी मॅट्रिक पास डोळ्यांना काही दिसलं नाही.

माल तपासायला पुरवठा खात्याचे साहेब आले. पहिलीच घडी उघडून त्यांनी विचारलं, "हे लाल काय आहे?"

नान्नांना वाटलं, रंगाबद्दल विचारताहेत. ते अभिमानानं म्हणाले, "पक्का आहे साहेब. दगडावर आपटला तरी जाणार नाही."

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. प्लेन म्हणजे प्लेन. सगळा माल नापास. पण साहेब वाईट नव्हते, हे आज म्हणता येतं. त्यांनीच तोडगा सुचवला, की काठ कापून टाका, टोकं दुमडून शिवा, वीतभर लांबी कमी भरली तर चालवून घेईन. गुरुवारी वॅगन भरायची होती. गल्लीनं सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात नान्ना म्हणाले, "कापणार नाही."

का, ते सांगेनात. गल्ली चिडली. महिन्याभराची मेहनत एका माणसाच्या हट्टापायी गोदामात कुजणार, असं त्यांच्या तोंडावर बोललं गेलं. मीही कमी केलं नाही. जेवायला बसलेल्या बापावर मी ओरडले, "तिकडं माणसं थंडीनं कुडकुडतायत आणि तुम्हाला काठाचं पडलंय! लाज वाटते मला." ते म्हणाले, "कुडकुडतायत म्हणूनच." अर्धं ताट तसंच ठेवून ते मागावर जाऊन बसले. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पण माझा स्वभाव असा, की माझ्या बापाला हट्टी म्हणायचा हक्क फक्त माझा. भांडायचंच तर साहेबांशी भांडू, असं ठरवून बुधवारी मी कचेरीत गेले. मागोमाग नान्नाही आले, इस्त्रीचं धोतर नेसून. आम्ही एकाच बाकावर, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसलो. साहेबांना वेळ नव्हता. दुपारी शिपाई म्हणाला, "ताई, उद्या या की." मी म्हटलं, उद्या वॅगन आहे, मी उठणार नाही. हा शिपाई अक्कलकोटकडचा, पिकल्या मिशांचा. त्यानं आम्हाला पाणी आणून दिलं आणि शेवटी स्वतःच आत जाऊन आमची वर्दी दिली.

साहेबांच्या टेबलावर वरून आलेला नमुना पडला होता. करडी, सपाट, बिनकाठाची चादर. साहेब वैतागून म्हणाले, "अहो, पांघरायचंच तर आहे. काठ असला काय, नसला काय?"

मी म्हटलं, "मग तुम्ही घ्या पांघरून."

नान्नांनी तेलुगूत मला जोरात दटावलं. साहेब मात्र हसले. शिपायाला म्हणाले, "टाका हो ती माझ्या खांद्यावर. बघू दे हिला."

शिपायानं हात मागं बांधले. "न्हाय साहेब. तेवढं सांगू नका."

"का?"

"बिनकाठाचं हाय की. आमच्यात असलं मड्यावर घालत्यात. तुमी लेकराबाळांचे धनी. तुमच्या अंगावर कसं टाकू मी?"

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी नमुना थोडा लांब सरकवला. मग मला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल," मी म्हटलं. नान्नांपुरतं ते खरं असावं; मला मात्र ती रीत शिपायाच्या बोलण्यानंच आठवली होती.

ते बराच वेळ कागद उलटेपालटे करत राहिले. शेवटी म्हणाले, "छावणीतला माल बाजारात विकला जातो, अशी ओरड असतेच. लाल पट्टी ही सरकारी मालाची खूण, असा शेरा मारतो. वरून कुणी विचारलं तर माझं मी बघेन." त्यांनी शेरा मारून सही केली. मी शिपायाला वाकून नमस्कार केला, तसा तो बिचारा लाजून पंख्याकडे बघायला लागला.

बाहेर पडल्यावर नान्नांनी मला चहाच्या टपरीवर नेलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. बशीत चहा ओतला, पण तो न पिताच ते बोलायला लागले.

"रझाकारांच्या वेळी निजामाच्या राज्यातून पळून आलो, तेव्हा आम्हीपण छावणीतच होतो, बिड्डा. थंडीचे दिवस. सरकारनं चादरी वाटल्या. चांगल्या जाड होत्या, खोटं कशाला बोलू? पण बिनकाठाच्या. तुझी आजी ती अंगावर घेईना. म्हणाली, मी अजून जिवंत आहे. दोन रात्री कुडकुडत बसली. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझ्या हट्टाची मला लाज वाटते."

चहावर साय धरली होती.

"तिसऱ्या दिवशी तीच चादर तिच्यावर घातली. मीच घातली."

आजी तापानं गेली, एवढंच आम्हाला सांगितलेलं होतं. मला माफी मागायची होती, अगदी शब्द जुळवून झाले होते, पण मी त्यांची गार बशी बाजूला सरकवली आणि दुसरा चहा सांगितला. गुरुवारी मी मालधक्क्यावर गेले आणि शेवटचा गठ्ठा वॅगनमध्ये चढेपर्यंत नान्नांच्या शेजारी उभी राहिले.