बदामटेकडीचे चाचा

अख्ख्या कुवेतमध्ये खुर्चीचा इतका कमी उपयोग करणारा माणूस दुसरा नसेल. अम्गरा भागातल्या आमच्या गोदामाचे स्टोअरकीपर चाचा मूळचे रोह्याचे, वय अडुसष्ट, आणि चहासुद्धा चालता चालता पिणारे. मी ऑफिस सांभाळते. त्यांची सही हवी असली की कागद घेऊन पाइपांच्या रांगांमधून त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या माराव्या लागत. तेवढ्यात ते एका गावाचा इतिहास सांगत. गाव बदामटेकडी. माणगावच्या नव्या ड्रायव्हरने एकदा विचारलं, "चाचा, ही रोह्याच्या अलीकडं की पलीकडं?"

"बरीच पलीकडं," चाचा म्हणाले.

ती इस्राएलमध्ये होती. एकच शेत, एकच स्वयंपाकघर असलेली छोटी वस्ती, म्हणजे किबुत्झ. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारं चाचांच्या शेजारचं बेने इस्राएली कुटुंब तिकडे गेलं. त्यातला अब्राहम हा चाचांचा शाळासोबती. कुवेतचे इस्राएलशी संबंध नाहीत; वस्तीचं हिब्रू नाव इथे उच्चारायला नको, म्हणून चाचांनी ते मराठीत आणलं होतं. ते पडलं कसं, याच्या मात्र माझ्या वहीत सात हकिकती आहेत. एकीत टेकडीवर बदामाचं एकच झाड होतं. दुसरीत एकही नव्हतं, नाव पडल्यावर लाजेखातर लावलं. तिसरीत बारा घरं तीन महिने भांडली, तेव्हा स्वयंपाकीणबाईंनी नाव ठरेपर्यंत चूल पेटवायचं नाकारलं.

"यातली खरी कुठली?"

"सगळ्या अब्राहमनंच पत्रांतून लिहिल्यात, मॅडम. खोटी कुठली म्हणू?"

यंदा चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला, कायमचं घरी जायचं ठरलं. जाण्याआधी खरी हकिकत हवी, म्हणून त्यांनी अब्राहमला विचारलं. इथून तिकडे फोन लागत नाही. निरोप त्याच्या ठाण्यातल्या भाचीमार्फत जातो. तेवढ्यात तिकडे युद्ध पेटलं आणि उत्तर येईना. चाचांनी जेवणही उभ्यानं सुरू केलं.

"चाचा, बसा जरा."

"बसलो की नको ते डोक्यात येतं."

सहा आठवड्यांनी भाचीने अब्राहमचा आवाज पाठवला. "अरे, नाव कसं पडलं ते ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे गेले. मी दिवाळीनंतर रोह्याला येतो. दोघं मिळून एक काय ती ठरवू." चाचांनी ते तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, वहीतली ती पानं द्या मला." मी वहीची पानं कधी फाडत नाही. ती फाडून दिली.

चाचा रोह्याला परतले. दिवाळी होऊन महिना झाला. अब्राहम आले की नाही, हे एका फोनवर कळेल. चाचांचा रोह्याचा नंबर माझ्याकडे आहे. पण "नाही आला" हे चाचांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी अजून झालेली नाही.